डोझरचा पाण्यावरचा उपास

यंत्रं माणसांशी बोलत असत तेव्हाची गोष्ट. बर्फाच्या डोंगराखाली माती-बर्फ लोटणारा एक डोझर आणि रस्ता दाबणारी एक म्हातारी रोलरताई राहत. हिवाळा तोंडावर आला तसे भिवाजी मिस्त्री दोघांची तयारी करू लागले. त्यांनी रोलरताईच्या टाकीतलं पाणी सोडून दिलं, थंडीतलं पातळ ऑइल भरलं आणि पाणी गोठू न देणारं हिरवं कूलंट घेऊन ते डोझरकडे वळले.

“मला नको,” डोझर म्हणाला. “घाटात दरड कोसळली त्यातून देवीनं मला वाचवलं. हिवाळाभर निव्वळ पाण्यावर राहीन, असा नवस बोललोय मी.”

मिस्त्री हसले. “बाबा रे, नुसतं पाणी गोठून फुगतं. तुझं इंजिन तडकेल.”

“तडकू दे. नेम म्हणजे नेम.”

रोलरताई हळूच म्हणाली, “भाऊ, वरच्या वाडीतल्या यमुनेचे दिवस भरत आलेत. बर्फातून वाट कोण मोकळी करणार? मला तर चढ चढवत नाही.”

डोझरनं वरच्या वाडीच्या चढाकडे पाहिलं.

“आणि हे कूलंट म्हणजे तुझं औषधच. औषध घेतल्यानं उपास मोडत नाही रे,” रोलरताई पुढे म्हणाली. “ घरोघरच्या बायका गोळी घेऊनच सोमवार करतात.”

डोझरनं कूलंटसाठी झाकण उघडलं.

पौषात गुडघाभर बर्फ पडला. डोझर पहिल्या किल्लीलाच सुरू झाला, आणि दुपारी यमुनेची जीप त्याच्या मागोमाग दवाखान्याकडे उतरली.

“ताई, माझा उपास मोडला नाही ना?” परतल्यावर त्यानं विचारलं.

“आज तो देवीला पोचला,” रोलरताई म्हणाली.