पाठ फिरवणारी वाघीण

या डोंगरात माणसाची पायवाटही नव्हती, तेव्हाची गोष्ट. ओढ्याकाठी एक म्हातारी वाघीण राहायची. तिचा एक सुळा तुटलेला होता, तरी ती उपाशी निजत नसे. पलीकडच्या उतारावरचा तरणाबांड वाघ मात्र चार दिवस चितळांमागे धावून रिकाम्या पोटी परतला होता. शेवटी तो मान खाली घालून तिच्याकडे आला.

"मावशी, मला शिकार शिकव."

"सांगून काय येणार? मागे ये आणि बघ," ती म्हणाली.

ती लांबून वळसा घालून गेली आणि वारा तोंडावर घेत गवतात शिरली. चितळं चरत असली की सरकायची, एकाने जरी मान वर केली की दगडासारखी थांबायची. दहा पावलं उरली असताना झाडावरची वानरी ओरडली. वाघाने झेपेसाठी अंग आवळलं. वाघीण मात्र उठली आणि सगळ्यांच्या देखत रमतगमत निघून गेली.

"एवढं जवळ येऊन सोडलंस?"

"त्यांनी पाहिलं, तिथेच शिकार संपली. आता धावले तर नुसता दम जाईल. तो मला संध्याकाळी लागणार आहे."

संध्याकाळी पाणवठ्यावर तिने एकाच झेपेत चितळ पाडलं.

दुसऱ्या दिवशी वानरीने वाघाला गवतात हेरलं आणि ती ओरडली. वाघ शांतपणे उठला आणि पाठ फिरवून चालू लागला. एरवी त्याची धावपळ बघून हसणाऱ्या वानरीने पिल्लाला पोटाशी घेतलं.

"आता जपून राहायला हवं," ती म्हणाली. "हा शिकला."