तानूमावशीचे बारा शब्द

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा राजे होते, पण आपल्या गोष्टीत त्यांचं काही काम नाही. ते आपल्या महालात सुखाने राहोत.

एका डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. डोंगरातून तीन नद्या निघत आणि तीन दिशांना जात. डावीकडची काळी, मधली गोरी आणि उजवीकडची तांबडी. त्याच डोंगरात एक दगडी दार होतं. त्याला कुलूप नव्हतं, पहारेकरी नव्हता. दाराच्या आत गावातल्या प्रत्येकाचा एक कोनाडा होता आणि कोनाड्यात ज्याची त्याची आयुष्याची पुंजी.

दार उघडे ते शब्दांनी. माणूस जाणता झाला की डोंगरापाशी जाऊन उभा राही आणि डोंगर त्याच्या कानात बारा शब्द सांगे. शब्द साधेच असत, ताक, खुंटी, मोरपीस, असले. पण प्रत्येकाचे निराळे आणि त्यांचा क्रमही निराळा. ते क्रमाने म्हटले की दार उघडे आणि ज्याचा त्याचा कोनाडा समोर येई. दाराची एक खोड मात्र होती. ते माणसाचा चेहरा बघत नसे. शब्द बरोबर असले की मालकाला उघडे आणि चोरालाही उघडे.

म्हणून जुनी माणसं सांगत, शब्द खापरीवर कोरा, खापरी चुलीखाली पुरा आणि दारापाशी सोडून कुठेही ते ओठांवर आणू नका. ऐकणारे मान डोलवत. मान डोलवायला काय लागतं?

कोनाड्यातली वस्तू दूर धाडायची तर ती करंडीत घालून, करंडीवर खूण करून नदीत सोडत. वाटेवर लुटारू होते, पण नदीला कोण लुटणार? खालच्या गावांतले लोक आपापल्या घाटावर जाळं लावून बसत आणि खूण ओळखीची असली की ज्याची त्याला करंडी पोचती करत. ओळखीची नसली की पुढे सोडून देत, ती जाई थेट समुद्राला. एकाच कोनाड्यातून तिन्ही नद्यांना माल सोडता येई, हे गावाचं भाग्य. कोणत्या नदीत सोडायचा ते मात्र आपलं आपण बघायचं, ही गावाची डोकेदुखी. चुकीच्या नदीत गेलेली करंडी आजवर कुणाची परत आली नव्हती.

म्हणून गावात एक रीत होती. मौल्यवान वस्तू सोडण्याआधी त्याच खुणेच्या करंडीत नुसतं एक फूल सोडायचं. फूल पोचल्याचा निरोप मेंढपाळांच्या हाती डोंगरवाटेने वर आला, की मग खरी वस्तू.

या गावात तानूमावशी राहायची. ती शिसवी लाकडाच्या फण्या करायची. नवरा कधीच तापाने गेला होता. एकच लेक, केसर, नदीखालच्या पिंपळघाटाला दिली होती. फण्या विकून तानूमावशीने दरसाल थोडे थोडे मोती घेतले आणि कोनाड्यात ठेवले. स्वतःच्या कानात मात्र कडुलिंबाची काडी.

एके दिवशी मेंढपाळाने निरोप आणला. पुराने केसरचं घर नेलं होतं. नवराबायको झाडाखाली राहत होते, आणि केसर पोटुशी होती. आई, पानगळ व्हायच्या आत डोक्यावर छप्पर हवं, एवढंच तिने सांगितलं होतं.

तानूमावशीचा जीव वरखाली झाला. ती तशीच दाराशी गेली, मोती मोजलेसुद्धा नाहीत, करंडीत भरायला लागली. मग तिला रीत आठवली. स्वतःवर चरफडत तिने मोती परत ठेवले आणि करंडीत झेंडूचं एक फूल घालून करंडी काळ्या नदीत सोडली; पिंपळघाट काळीवर, असं तिने कुणाकडून तरी ऐकलं होतं.

निरोप येईना. मेंढपाळ पुन्हा आला तेव्हा तिने त्याला विचारलं. तो हसला. म्हणाला, "मावशे, पिंपळघाट दोन आहेत. एक काळीवर, एक गोरीवर. तुझी लेक गोरीवरची. तुझं फूल आता खाऱ्या पाण्यात असेल."

फुलाच्या जागी मोती असते तर? तानूमावशी घाटाच्या पायरीवर मटकन बसली. मग उठली, दुसरं फूल घेतलं आणि गोऱ्या नदीत सोडलं. आता फक्त वाट बघायची होती.

या वाट बघण्याच्या दिवसांत तिच्या ओट्यावर एक माणूस आला. डोक्याला पांढरंशुभ्र पागोटं, बोलणं साखरेत घोळलेलं. तो म्हणाला, मी डोंगराकडून आलोय. दाराची डागडुजी चालू आहे. तुमचे बारा शब्द मला सांगा, नाहीतर उद्यापासून तुमचा कोनाडा उघडायचा नाही.

तानूमावशीने हातातली करवत खाली ठेवली. "डोंगराकडून आलास? कधीपासून त्याला माणसं ठेवायला लागली? तोंड तरी आहे का त्याला, पगार ठरवायला?"

आळीत हशा पिकला. माणूस निघून गेला. तानूमावशीला फार बरं वाटलं. शेजारच्या भिवराला तिने ती हकीकत तिखटमीठ लावून सांगितली, मग पाणवठ्यावर सांगितली, मग भिवराला पुन्हा सांगितली.

चार दिवसांनी तोच माणूस परत आला. या वेळी हात जोडून. म्हणाला, मावशी, मी तुमची परीक्षा घेत होतो. सगळ्या गावात तुमच्याइतकं सावध कुणी निघालं नाही. हे तुमचं बक्षीस. आणि त्याने एक पिंजरा ओट्यावर ठेवला. आत एक मैना होती, काळीभोर, पिवळ्या चोचीची.

शब्द मागणाऱ्याला हाकलणारी तानूमावशी बक्षिसाला भुलली. आपल्याला कुणी शहाणं म्हटलं की आपण किती पटकन शहाणपण विसरतो, बाळांनो. माझं झालंय, तुमचंही होईल. शिवाय घर रिकामं होतं, आणि मैनेने मान वाकडी करून तिच्याकडे असं पाहिलं, की तिला लहानपणची केसर आठवली.

तिने पिंजऱ्याचं दार त्याच दिवशी काढून टाकलं. मैना तिच्या खांद्यावर बसू लागली. तानूमावशी तिला तळहातावर डाळिंबाचे दाणे भरवी, पोरी म्हणून हाक मारी आणि केसरच्या काळजीच्या सगळ्या गोष्टी तिला सांगे. मैना ऐकत राही.

आता मावशीची एक जुनी सवय सांगायला हवी. फणीचा एकेक दाता कापताना करवतीला ताल लागतो. नवरा गेल्यावर, आपण शब्द विसरलो तर लेकीचं काय, या धास्तीने तिने त्या तालावर बारा शब्द म्हणायला सुरुवात केली होती. एका दात्याला एक शब्द. बारा दाते झाले की पुन्हा पहिला. आपण ते मोठ्याने म्हणतो, हे तिच्या ध्यानातसुद्धा राहिलं नव्हतं. घरात ऐकणारं होतं कोण?

एका सकाळी मैनेने डाळिंबाला तोंड लावलं नाही. मावशीने चुचकारलं, दाणा चोचीपाशी नेला. मैनेने मान फिरवली.

"आई," ती म्हणाली, "मला भरवू नकोस. मी तुझं खायला आले नव्हते, पाठ करायला आले होते."

"काय पाठ करायला, पोरी?"

मैनेने बारा शब्द म्हणून दाखवले. एका दमात, क्रमाने, करवतीच्या तालासकट.

तानूमावशीच्या हातातली फणी खाली पडली आणि तिचे दोन दाते मोडले. मैना रडवेली होऊन सांगत होती, की तो माणूस परवा यायचा आहे. हिचे पंख कापून आणतो म्हणून तिला मागून नेईल आणि शब्द विचारेल. "त्याने विचारलं की मी बोलणार. आमच्या जातीला ऐकलेलं बदलून सांगता येत नाही. म्हणून तुला आधी सांगितलं."

भिवरा धावत आली. तिने सगळं ऐकलं आणि म्हणाली, मान मुरगाळ त्या पाखराची आणि सुटून जा. मैना उडाली नाही. खांद्यावर अंग चोरून तशीच बसून राहिली.

तानूमावशीने तिच्या पाठीवरून बोट फिरवलं. तिला राग आला होता, नाही असं नाही. पण तो कुणावर काढायचा ते तिला कळत होतं. "भिवरे, हिला मारून शब्द माझ्या घशात परत येतील का? तोंड माझं सुटलं. ही नाहीतर दुसरं कुणी ऐकेल. ते शब्द आता माझे राहिले नाहीत, एवढंच खरं."

डोंगराने कुणालाही, कधीही, नवे शब्द आणि नवा कोनाडा नाकारला नव्हता. पण गावात कुणी ते मागायला जात नसे, कारण मागणं म्हणजे आपण गाफील राहिलो याची कबुली. पाणवठ्यावर आपली हुशारी सांगत फिरलेल्या बाईला तर ते फारच जड. तानूमावशी भर दुपारी, सगळ्यांच्या देखत, डोंगराची चढण चढली. लोक विचारत होते, मावशी कुठे? ती सांगत होती, नवे शब्द आणायला, जुने मी उधळले.

डोंगराने तिच्या कानात नवे बारा शब्द सांगितले. तिने जुन्या कोनाड्यातला मोती न् मोती नव्या कोनाड्यात नेला. जुना कोनाडा रिकामा झाला तेव्हा तिला कसंसंच वाटलं. इतकी वर्षं त्याने तिची पुंजी सांभाळली होती. म्हणून पदराला बांधलेलं झेंडूचं फूल सोडून तिने तिथे ठेवलं. घरी येऊन नवे शब्द खापरीवर कोरले, खापरी चुलीखाली पुरली आणि फणी कापताना ओठ घट्ट मिटून बसली. ताल चुकत होता, दाते वाकडेतिकडे येत होते. येऊ देत म्हणाली.

सांगितल्या दिवशी पागोटेवाला आला आणि पंख कापून आणतो म्हणाला. तानूमावशीने मैनेला त्याच्या हातात दिलं. "जा पोरी. विचारेल ते खरं सांग."

तो आडोशाला गेला आणि शब्द ऐकून तडक दाराशी पोचला. मोठ्याने, ऐटीत, मैनेने म्हटले तसेच करवतीच्या तालावर त्याने बारा शब्द म्हटले. दार उघडलं. दार चेहरा बघतच नव्हतं. त्याने दोन्ही हात कोनाड्यात खुपसले, आणि बाहेर आलं ते सुकायला लागलेलं एक झेंडूचं फूल.

तो दारावर ओरडला, लाथा मारल्या. खाली घाटावर बाया धुणं धूत होत्या. तानूमावशीच्या करवतीचा तो ताल सगळ्या आळीला पाठ होता. तो परक्या तोंडून ऐकून बाया धोपाटणी घेऊनच वर निघाल्या. पागोटं तिथेच टाकून तो जो पळाला, तो त्या मुलखात पुन्हा दिसला नाही. मैना एकटी उडत घरी आली आणि खांद्यावर बसली. मावशीने तिला डाळिंब भरवलं. तिने खाल्लं.

पुढच्या बाजाराला मेंढपाळ आला. त्याच्या काठीला केसरच्या लुगड्याची पिवळी चिंधी बांधलेली होती आणि चिंधीत होतं वाळलेलं झेंडूचं फूल. गोऱ्या नदीने ते बरोबर पोचवलं होतं. तानूमावशीने नदी पाहिली, खूण पाहिली, पुन्हा नदी पाहिली आणि मग मोत्यांची करंडी पाण्यात सोडली. वळणाआड जाईपर्यंत ती काठावर उभी होती.

पानगळीच्या आधी केसरच्या घरावर छप्पर चढलं. त्याच छपराखाली तिला मुलगी झाली. मेंढपाळाने नाव सांगितलं, करंडी. पाण्यातून घर आलं म्हणून बापाने हौसेने ठेवलेलं.

"हे काय नाव झालं?" म्हणून तानूमावशी आधी हसली आणि मग पदर डोळ्यांना लावून बराच वेळ रडली.

त्या दिवसापासून तिच्या करवतीला पुन्हा ताल सापडला. दात्यागणिक ती एकच शब्द म्हणे, नातीचं नाव. मैना तो शब्द उचलून आळीभर सांगत सुटे, पारावर सांगे, पाणवठ्यावर सांगे. तानूमावशीने तिला एकदाही अडवलं नाही. बारा शब्द मात्र चुलीखाली गप्प पडून होते.

तर मंडळी, ध्यानात ठेवायचं ते एवढंच: ज्या शब्दांनी आपलं सगळं उघडतं, ते मागणाऱ्याला देऊ नयेत, लाडक्यालाही ऐकवू नयेत, आणि तोंडून सुटलेच तर लाज न बाळगता त्याच दिवशी बदलावेत.