झाकलेला तारा

“पण बाई, मग ग्रह मागे कसा सरकतो?”

शार्दूल इंगवलेने लॅपटॉप वेणूबाईंच्या पुढ्यात ठेवला. बाई जुन्नरच्या घरी पडवीत वालाच्या शेंगा सोलत होत्या. खगोलशास्त्र शिकवून निवृत्त झाल्या, तरी विद्यार्थी काही पाठ सोडत नव्हते.

पडद्यावर एक ठिपका होता. दूरच्या ताऱ्याभोवती फिरणारा, गुरूपेक्षा कितीतरी जड, जन्माच्या उष्णतेने अजून धगधगणारा ग्रह. त्याच्या हवेतली पाण्याची वाफसुद्धा शार्दूलने ओळखली होती. लेखावर नाव त्याचं एकट्याचं. बाईंच्या आभाराची ओळ लिहायला शार्दूलसाहेबांना सवड झाली नव्हती.

फक्त कक्षा जुळत नव्हती. ग्रह एका वर्षी पुढे, तर पुढच्या वर्षी मागे. कक्षा जुळली नाही, तर तो याच ताऱ्याचा ग्रह आहे हे कोण मानणार? एवढ्या वर्षांची मेहनत पाण्यात.

“तारा कुठाय?” बाईंनी विचारलं.

“दुर्बिणीतल्या झाकणाने झाकला. त्याच्या झगमगाटात ग्रह दिसतोय कुठला!”

“बरं केलंस. मग अंतर कुठून मोजलंस?”

“झाकणाच्या मधोमधून.”

“तारा मधोमध होता?”

“असणारच की...”

“पाहिलास?”



बाई शेंगा सोलत राहिल्या.

शार्दूलचे कान लाल झाले. झाकणामागे तारा दर खेपेला जरासा इकडेतिकडे होतो, हे त्याला याच बाईंनी शिकवलं होतं. दुर्बिणीतला आरसा किंचित लहरवला की ताऱ्याच्या चार फिकट खुणा चहूबाजूंना उमटतात, त्या समोरासमोर जोडल्या की रेषा छेदतात तिथे झाकलेला तारा सापडतो, हेही त्यांनीच.

“खुणांची चित्रं मी पुसून टाकायला सांगितली, बाई. घाण दिसत होती.”

“ठाऊक आहे. दुर्बिणीवरच्या शेळक्यांनी मला विचारलं होतं.”

“मग?”

“म्हटलं, राहू देत. लागतील पोराला.”

चित्रं त्याच संध्याकाळी आली. शार्दूलने पडवीतच बसून सगळं पुन्हा मोजलं. ग्रह मुकाट्याने पुढे सरकू लागला. शेकडो वर्षांच्या फेरीचा नखाएवढा तुकडा... पण सलग.

डोळे भरून आले. लेखाच्या माथ्यावर, आपल्या नावाच्या आधी, त्याने बाईंचं नाव लिहिलं आणि लॅपटॉप पुन्हा त्यांच्यापुढे धरला.

“तुमच्यामुळे झालं, बाई. माझ्या डोक्यात हवा गेली होती. तुम्ही नसतात तर...”

बाईंनी पदराला हात पुसले. पडद्यावरचं आपलं नाव अंगठ्याने झाकलं. चष्मा सावरून उरलेलं नाव सावकाश वाचलं.

“हं... आता दिसतोस.”