सगळ्या लोकांना दवंडी

कुरणवाडीच्या माळावर जे चर्च आहे, त्याला तीनच भिंती आहेत. गावाकडची बाजू मोकळी आहे. तिथे दगडी पाया दिसतो, वर काही नाही. काम अर्धवट का राहिले, असे पाहुणे विचारतातच. चर्चची देखभाल करणारे सालोमनतात्या त्याच पायावर त्यांना बसायला जागा करून देतात. "काम पुरं झालंय," ते म्हणतात. "बसा, सांगतो."

बातमी आली तो दिवस अगदी साधा होता, असे सांगतात. बुधवार होता. चर्चच्या चौथ्या भिंतीसाठी सटवाजी चिखल तुडवत होता.

सटवाजी गावाचा दवंडीवाला. सरकारी हुकूम असो, हरवलेली म्हैस असो की कुणाच्या घरचे मरण असो, त्याची हलगी वाजली की गाव जमायचे. दवंडी संपली की सगळ्यांनी एकदम "ऐकलं!" म्हणायचे, अशी इथली रीत. त्याशिवाय दवंडी पुरी होत नसे.

सटवाजीसह आठ घरे ख्रिस्ती झाली, तेव्हा पाटलांनी माळावर जागा दिली, पण अट घातली. तुमची भक्ती चार भिंतींच्या आत. बाहेर आवाज आला, तर सटवाजीची हलगी काढून घेतली जाईल. वाडवडिलांपासून चालत आलेली हलगी ती. ती गेली असती, तर गावात सटवाजी कोणीच उरला नसता.

त्याची एकुलती लेक सुंदरा नगरला शाळेत होती. उन्हाळ्याच्या सुट्टीत तिने बापाकडून एक स्तोत्र पाठ करून घेतले, पवित्र शास्त्रातले सगळ्यात लहान. सगळ्या राष्ट्रांनी, सगळ्या लोकांनी देवाची स्तुती करावी, कारण त्याची माया मोठी आहे, एवढेच त्यात सांगितले आहे. ते ऐकून सटवाजी म्हणे हसतच सुटला.

"पोरी, ही तर दवंडी हाय!"

"बा, स्तोत्र आहे ते."

"सगळ्या लोकांनो म्हणतंय, अन् ऐकणार आठ घरं? दवंडी काय आत बसून देत्यात व्हय?"

"मग बाहेर देऊ की. पुढच्या सुट्टीत मी येते. दोघं मिळून देऊ."

त्या बुधवारी नगरहून आलेल्या गाडीवानाने सांगितले, की सुंदरा तापाने गेली. तिला तिकडेच मूठमाती दिली होती.

सटवाजीने पाय धुतले आणि घरातून हलगी आणली. गावातले प्रत्येक मरण त्यानेच सांगितले होते, हेही त्यालाच सांगायचे होते. चौथ्या भिंतीच्या पायावर उभा राहून त्याने हलगीवर थाप टाकली. गाव माळावर धावले.

"सटवा, आज म्हैस कुणाची?" कोणीतरी ओरडले.

"ऐका हो ऐका," सटवाजी म्हणाला. पुढे मरणाचे शब्द यायचे होते. आले ते सुंदराचे स्तोत्र. एकही शब्द चुकला नाही म्हणे.

"सगळ्यांत आमीबी आलो का रं?" ठकू कुंभारणीने विचारले.

"आलीस, काकू. सगळे म्हंजे सगळे."

पाटील पुढे आले. "ही दवंडी कुणाच्या हुकमानं?"

सटवाजीने हलगी दोन्ही हातांवर धरून पुढे केली आणि तो खालच्या आवाजात म्हणाला, "ज्याचा हुकूम, त्यानं कुणालाच वगळलं न्हाई, पाटील. तुमालाबी न्हाई. माझी सुंदरा गेली. तिनं दिलेला सांगावा पोचवला. आता हलगी घ्या."

पाटलांनी हात पुढे केला. हलगीवर क्षणभर ठेवला आणि मागे घेतला. मग गावाकडे वळून ते एकटेच म्हणाले, "ऐकलं."

त्यामागून सारा माळ गरजला, "ऐकलं!" विहिरीतले पारवे उडून आभाळात गेले, असे सांगतात.

दुसऱ्या दिवशी गवंडी चौथ्या भिंतीचे विचारायला गेला, तेव्हा पाटीलच म्हणाले, "राहू दे. सगळे मावायचे कुठे?"

आजही सुगीच्या सणाला या पायावर हलगी वाजते. गावाकडे तोंड करून स्तोत्राची दवंडी दिली जाते. ज्याचा देव जो असेल तो असो, आळ्याआळ्यांतून, मळ्यामळ्यांतून लोक हातातले काम थांबवतात आणि "ऐकलं!" म्हणून ओरडतात. नदीपलीकडच्या वस्तीचा आवाज सगळ्यात शेवटी येतो. तो आल्याशिवाय कोणी खाली बसत नाही.

एवढे सांगून तात्या उठतात आणि पायावरची माती हाताने झाडतात. सुंदराच्या मरणाची दवंडी मात्र त्या दिवशी द्यायची राहिली. ती अजून कोणी दिलेली नाही.