ओटी भरणारीचं मागणं

"आक्का, देवी एकदा दिलेलं परत घेते का?"

सगुणाबाईंनी दारातूनच विचारलं. चपला काढायच्या होत्या, नमस्कार करायचा होता, ते सगळं मागे राहिलं.

भागीरथीआक्का मठाच्या ओसरीवर सुपात तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"काय दिलं होतं?"

"तुम्हाला ठाऊक आहे."

"मला ठाऊक आहे. तुला आठवतंय का, ते बघते."

सगुणाबाई आत आल्या. खांबाला टेकून उभ्या राहिल्या. आठवायला काय लागतं... तो नवस त्या कधी विसरल्याच नव्हत्या.

थोरली लेक कांचन पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. कळा सुरू झाल्या त्या दिवशी नदी दोन्ही काठ बुडवून चालली होती आणि दवाखाना पलीकडे. इलाही नावाड्यानं हात जोडले. म्हणाला, काकू, आज होडी घातली तर दोन्ही जीव माझ्या हातून जातील. पाण्यात पुलाचे खांब उभे होते. नुसतेच खांब, वर काही नाही. पुलाचा पैसा मंत्री दाजीसाहेब इंगवल्यांनी आपल्या गावच्या रस्त्याकडे वळवला, असं सगळा तालुका म्हणत होता.

पाणी उतरलं तेव्हा कांचन वाचली होती. बाळ नाही.

सुतक फिटलं तशा सगुणाबाई जुगाईच्या देवळात गेल्या. म्हणाल्या, आई, या माणसाची खुर्ची काढून घे. अनवाणी येईन. तुझा गाभारा माझ्या हातांनी धुईन. सुवासिनी जेवू घालीन.

आणि पुढच्याच साली दाजीसाहेबांचं मंत्रिपद गेलं.

कुणी म्हणालं चौकशी लागली, कुणी म्हणालं मुंबईत कुणाशी तरी बिनसलं. निमशेवाडीच्या बायकांना मात्र खरं कारण माहीत होतं. सगुणाकाकूंचा नवस फळला होता. काकूंनी पायांना फोड येईपर्यंत तो फेडला. मग पलीकडच्या गावांतूनही बायका येऊ लागल्या. काकू, पोराच्या नोकरीसाठी काय धरू? काकू, सोमवार करू की गुरुवार?

"माझं काय त्यात, सगळं तिचं," असं सगुणाबाई म्हणायच्या. म्हणताना पदर सारखा करायच्या, आणि ते म्हणणं समोरच्या बाईनं लगेच मान्य केलं तर त्यांना थोडं लागायचंही.

आता मंत्रिमंडळाचा खांदेपालट झाला होता. दाजीसाहेब परत आले होते. खातंही तेच, रस्ते आणि पूल.

"सोमवारी शपथ झाली," सगुणाबाई म्हणाल्या. "गावानं काय केलं ऐकलंत का?"

"फटाके ऐकले."

फटाके तर होतेच. जेसीबीच्या तोंडात गुलाल भरून तो उधळला होता. ज्या पोरांनी दाजीसाहेबांच्या पुतळ्याला जोडे मारले होते, त्यांचेच फोटो आता स्वागताच्या फलकावर खालच्या रांगेत हात जोडून बसले होते. चहाच्या गाड्यावर एकाचं म्हणणं, माणूस सुधारलाय, वजनही उतरलंय. दुसऱ्याचं म्हणणं, सुधारला नसला तरी आपल्या भागाचा आहे, दुसऱ्याच्या भागाचा येऊन तरी काय दिवे लावले. नळावर बायका गप्पच होत्या. सगुणाबाई आल्या की जास्त गप्प. आणि पानपट्टीवाल्या सदानं तर तोंडावर विचारलं होतं, काकू, वरच्या कोर्टात निकाल फिरला का काय?

हे सगुणाबाईंनी आक्कांना सांगितलं.

आक्कांनी एक खडा टिपला आणि बाजूला टाकला.

"एवढ्यानं आलीस?"

"नाही..."

खरं दुखणं पुढे होतं. येत्या मंगळवारी दाजीसाहेबांच्या पत्नी, ज्यांना सगळे वहिनीसाहेब म्हणत, जुगाईला येणार होत्या. त्यांनीही नवस बोलला होता. त्याच देवीला, त्याच गाभाऱ्यात. नवऱ्याचं मंत्रिपद परत मिळू दे म्हणून. आता तो फेडायचा होता. गुरवाचा निरोप आला होता की ओटी सगुणाकाकूंनी भरावी. जुगाईच्या दारात सवाष्ण-विधवा बघत नाहीत. आरतीच्या बायकांत जी वडील, ती नवस फेडायला आलेल्या बाईची ओटी भरते. पूर्वी हा मान आक्कांचा होता. गुडघे गेले, देवळाची चढण झेपेना, तेव्हापासून तो सगुणाबाईंकडे आला होता.

"मी नाही म्हणून सांगितलं," सगुणाबाई म्हणाल्या. "गुरव पाया पडला. तरी नाही म्हटलं. ज्या हातांत मी माझं नातवंड गार झालेलं धरलं, त्या हातांनी तिच्या पदरात खण-नारळ घालू?"

आक्कांनी आणखी एक खडा टिपला.

"मला एवढंच सांगा, आक्का. देवीनं कुणाचं ऐकलं? माझं, की तिचं?"

"दोघींचं."

"असं कसं होईल?"

"तू म्हणालीस काढ. काढली. ती म्हणाली दे. दिली." आक्कांनी सूप हलकंच पाखडलं. "देवीला तर बाई, दोन्ही बायका ओळखीच्याच."

सगुणाबाईंना ते झोंबलं. त्या खाली बसल्या, ओसरीच्या पायरीवर, पाठ अर्धी वळवून. नदी तिथून दिसते. पुलाचे खांबही दिसतात. त्यांवर पाणकावळे पंख पसरून वाळवत बसतात.

तिकडे बघतच त्या म्हणाल्या, "मी मीठ सोडायचं ठरवलंय. तो परत खुर्चीवरून खाली उतरेपर्यंत अळणी जेवीन. तुमचा आशीर्वाद घ्यायला आले."

आक्का हसल्या. आवाज न करता, खांदे हलले फक्त.

"अर्ध्या गावाला डॉक्टरनं मीठ सोडायला लावलंय, सगुणा. तेवढ्यानं सरकारं पडती तर एकही टिकलं नसतं."

सगुणाबाईंनाही हसू आलं असतं. पण त्यांनी ते येऊ दिलं नाही.

"कांचन कशी आहे?" आक्कांनी विचारलं.

"दिवस गेलेत तिला."

"अगं... मग हे आधी सांगायचं."

"परवा फोन आला. मी म्हटलं, माहेरी ये, डोहाळे पुरवीन. म्हणाली..." सगुणाबाई थांबल्या. त्या दिवसानंतर कांचननं निमशेवाडीत पाऊल टाकलेलं नव्हतं. दिवाळीला नाही, धाकट्या भावाच्या लग्नाला नाही. लग्नाच्या फोटोत तिची जागा मोकळी होती. "म्हणाली, आई, पूल झाला की येईन."

"तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, काळजी करू नकोस. मी नवस बोलते."

"कसला?"

सगुणाबाई उत्तर द्यायला गेल्या.

कसला म्हणजे? त्याची खुर्ची जावी, असा.

"तू देवीकडे पूल कधी मागितलास?" आक्कांनी विचारलं. आवाजात रागही नव्हता आणि घाईही नव्हती.

...

मधली वर्षं सगुणाबाईंच्या डोळ्यांपुढून सरकली. दाजीसाहेब गेले, दुसरे मंत्री आले. ते एकदा गावातही येऊन गेले. शाळेच्या पटांगणात मांडव घातला होता, शिरा-पुरीचं जेवण होतं. औक्षण सगुणाबाईंनीच केलं होतं. नवे मंत्री म्हणाले होते, काकी, काही अडचण असली तर सांगा. आणि सगळं गाव नुसतं हसलं होतं. अडचण कसली, अडचण तर गेली. त्या दिवशी गावाला इतका आनंद होता की नदीकडे कुणी बघितलंसुद्धा नाही.

"नाही मागितला," सगुणाबाई म्हणाल्या.

आक्कांनी सूप बाजूला सारलं.

"तुझा नवस फिटला तेव्हा तुझी ओटी कुणी भरली गं?"

"तुम्ही. तेव्हा चढत होतात की देवळात."

"मग माझं मागणं?"

सगुणाबाई दचकल्या. जुगाईच्या दारातली ही फार जुनी रीत आहे. नवस फेडायला आलेली बाई तृप्त असते, म्हणून तिची ओटी जी भरते तिनं काहीतरी एक मागायचं. आणि नवसकरणीनं त्याला नाही म्हणायचं नाही. बायका साधंच मागतात. कुणी खणाचं कापड, कुणी पुतणीसाठी एखादं स्थळ बघा म्हणतं. आक्कांनी त्या दिवशी काहीच मागितलं नव्हतं. राहू दे, सवडीनं मागेन, एवढंच म्हणाल्या होत्या.

"मागा की, आक्का," सगुणाबाई घाईघाईनं म्हणाल्या. मनाशी त्यांनी मठाचे गळके पत्रे बघून घेतले, धाकट्याला सांगून उद्याच नवे आणवायचे, असंही ठरवून टाकलं. "काय हवं ते मागा."

आक्का उठल्या. गुडघ्यावर हात दाबत, भिंत धरत पायऱ्या उतरू लागल्या. सगुणाबाई बसल्या होत्या ती पायरी ओलांडून आणखी एक पायरी खाली गेल्या. तिथे वळल्या.

आणि त्यांनी सगुणाबाईंपुढे दोन्ही हातांनी पदर पसरला.

सगुणाबाई ताडकन उभ्या राहिल्या. "आक्का, हे काय करता... मला पाप लागेल."

"मंगळवारी तिची ओटी तू भर."

...

नदीपलीकडे कुठेतरी उरलेले फटाके वाजले. पाणकावळे उडाले, घिरटी घालून पुन्हा खांबांवर येऊन बसले.

नाही म्हणता येत नव्हतं. सगुणाबाईंनी डोळे पुसले.

"भरेन," त्या म्हणाल्या.

मग त्यांच्या ध्यानात काहीतरी आलं. आवाज बदलला.

"म्हणजे मलाही मागता येईल. तिच्याकडे."

"येईल."

"आणि तिला नाही म्हणता येणार नाही. सगळ्यांसमोर. पेपरवालेही असतील." सगुणाबाईंचा चेहरा तापला. "मी म्हणेन, माझं नातवंड परत दे."

"देईल ती?"

"कुठून देईल..."

"मग कांचनला काय सांगशील?"

सगुणाबाईंचा आवेश जसा चढला तसा उतरला. त्यांनी ओसरीचा खांब धरला. वहिनीसाहेबांचा शब्द दाजीसाहेब खाली पडू देत नाहीत, हे तालुक्यात लहान पोराला विचारलं तरी सांगेल. कांचनला सातवा लागायला अजून अवकाश होता. एवढ्यात पूल होणार नाही, हेही त्यांना कळत होतं. पण कामाला लागलेली माणसं दिसली, खांबांवर एक तुळई जरी चढली, तरी पोरीला फोन करून सांगता आलं असतं. या खेपेला नसेल, पण पुढे कधीतरी नातवंडाचं बोट धरून ती त्या पुलावरून चालत आली असती.

"पूल मागेन," त्या म्हणाल्या. "देवीच्या साक्षीनं मागेन. हक्क आहे माझा. ठणकावून मागेन."



आक्का अजून खालच्याच पायरीवर होत्या. पदर अजून पसरलेलाच होता. वयाच्या मानानं फार वेळ झाला होता. हात खाली येऊ लागले होते, आणि हातांबरोबर पदराची कड.

"आक्का, पदर आवरा आता. दिलं की मी तुमचं मागणं."

"मी मागितलं, तेव्हा राग आला तुला माझा?"

"राग कसला..." सगुणाबाईंनी मान खाली घातली. "लाज वाटली. तुम्ही एवढ्या मोठ्या, आणि खाली उभ्या. मी वर. मला तिथं उभं राहवेना. काहीही मागितलं असतंत तरी दिलं असतं, आक्का."

"हं..."

आक्कांनी पदर आवरला. खांद्यावर घेतला, नीट सारखा केला. मग वर चढण्यासाठी हात पुढे केला आणि सगुणाबाईंनी तो धरला.

चढता चढता आक्का म्हणाल्या, "देवळाला पायऱ्या पुष्कळ आहेत, सगुणा. मंगळवारी तू माझ्यासारखीच उभी राहा."