पाळण्यातला पदर

एकदा एक घोंगडी विणणारा तरुण आपल्या गुरूकडे असा एक प्रश्न घेऊन आला, की तो विचारताना त्याची मान वर होईना.

त्याचं नाव म्हाळू. गाव माळरानावरचं, पाऊस थोडा, मेंढरं फार. गावाबाहेर तळ्याच्या काठी एक पडकी धर्मशाळा होती आणि तिच्यात एक वृद्ध पुरुष राहत असे. सगळे त्यांना बाबा म्हणत. बाबांनी संसार केला नव्हता, ग्रंथही फारसे वाचले नव्हते. त्यांची साधना ऐकण्याची होती. बोलणारा बोलायचा थांबला, तरी ते आणखी थोडा वेळ ऐकत राहत. संध्याकाळी चारपाच माणसं त्यांच्यापाशी बसायला येत. त्यांत म्हाळू सर्वांत नेमाचा; पण अलीकडे तो दिसेनासा झाला होता.

"ये," बाबा म्हणाले. "कमरेच्या कनवटीवरचा हात काढ आणि निवांत बस."

म्हाळू बसला, पण कनवटीवरचा हात त्यानं काढला नाही.

"बाबा, पोरगी निजत न्हाई."

"रात्री?"

"रातीचं निजती आईच्या कुशीत. दिवसाचं न्हाई. मांडीवर डोळा लागतो, पाळण्यात ठिवली की घटकाभरात टक्क जागी. मग रडून रडून काळीनिळी हुती. हौसा दिवसभर तिला काखेत घिऊन असती. धड जेवत न्हाई, दूध कमी पडाय लागलंय. काल उभ्या उभ्या तिला घेरी आली, बाबा. पोरगी हातात हुती. भिंतीला टेकली म्हनून वाचली."

हौसा ही म्हाळूची बायको, आणि पोरगी म्हणजे जाई, चार महिन्यांची. घोंगडीचं काम एकट्या माणसाचं नसतं. लोकरीच्या सुताचा ताणा अंगणात ताणून बांधायचा, चिंचोक्याची खळ शिजवायची, आणि नवराबायकोनं समोरासमोर उभं राहून ती कुंच्यानं सुतावर चढवायची. एकदा हात घातला की मध्ये थांबता येत नाही. थांबलं की धागे एकमेकांना चिकटतात आणि सगळा ताणा वाया जातो. जाईच्या रडण्यापायी असे ताणे वाया गेले होते. पण म्हाळूच्या डोळ्यांत जे पाणी होतं, ते लोकरीसाठी नव्हतं.

"आणि कनवटीला काय आहे?" बाबांनी विचारलं.

म्हाळूनं खाली बघतच सांगितलं. "अफू. आई म्हनती, मोहरीएवढी दुधात उगाळून द्यायची. कामाच्या बाया देत्यातच म्हनं. तिनंबी दिलीती आमाला. बाजारातनं घिऊन आलोय. दिऊ का, बाबा?"

बाबांचा चेहरा उतरला. पण त्यांनी त्याला दटावलं नाही. दमलेल्या माणसाला दटावून काय मिळतं?

"मी उद्या दुपारी घरी येतो. तोवर ती पुडी आणि दूध यांची गाठ पडू देऊ नकोस. एवढं ऐकशील माझं?"

"ऐकतो."

दुसऱ्या दिवशी जेवणवेळ टळल्यावर बाबा म्हाळूच्या दारात आले. म्हाळूची आई उंबऱ्यात लोकर पिंजत बसली होती. बाबांना पाहून तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि ओठांवर बोट ठेवलं. आत हौसा मांडी हलवत जाईला निजवत होती. सगळं घर श्वास धरून बसलं होतं. बाबा भिंतीशी टेकले आणि पाहू लागले.

पोरगी डोळे मिटायची, दचकून उघडायची, आईच्या तोंडाकडे बघायची, पुन्हा मिटायची. तिच्या मुठीत आईचा पदर गच्च धरलेला होता. शेवटी तिची मान कलंडली. हौसानं तिला अलगद पाळण्यात ठेवलं आणि मग बाबांना एक नवल दिसलं. मुठीतला पदर हौसाच्या अंगावरच्या लुगड्याचा नव्हताच. तो जुन्या लुगड्यातून फाडलेला एक तुकडा होता, खांद्यावर नुसता खोवलेला. हौसानं तो खांद्यावरून हळूच सोडला, पोरीच्या मुठीत तसाच राहू दिला, आणि चवड्यांवर मागे मागे सरकू लागली.

म्हाळूची आई बाबांच्या कानाशी पुटपुटली, "युक्ती माझी हाय. पदर हातात आसला की पोराला वाटतं, आई हाय."

बाबा उठले. पाळण्याशी गेले. त्यांनी जाईच्या मुठीतून तो तुकडा सोडवून घेतला आणि तिच्या गालाला बोट लावून साध्या, मोठ्या आवाजात म्हणाले, "जाई, ए बाळ! डोळे उघड बरं."

हौसानं तोंडावर हात मारला. म्हाळू ओरडलाच, "बाबा, आवो काय केलंत!"

म्हातारी तर उसळलीच. "सकाळधरनं झटतीया माझी सून, आन् तुमी येऊन जागं केलंसा? बाबा, तुमाला लेकरं किती झाली?"

"एकही नाही, आक्का."

"तरीच!"

यावर सगळ्यांत आधी हसले ते बाबाच. तोवर जाईनं डोळे किलकिले केले होते. ती पूर्ण जागी नव्हती, पूर्ण झोपेतही नव्हती. बाबा हौसाला म्हणाले, "पोरी, तिला दिसशील अशी उभी राहा. तू कुठं जातेस ते तिला सांग आणि मग जा."

हौसा लाजली. "काय सांगू? तिला काय कळतंय?"

"घरातून निघताना तू म्हाळूला काय म्हणतेस?"

"येते म्हनते."

"तेच म्हण."

हौसा पाळण्यावर वाकली. मग कसंबसं म्हणाली, "जाई, अंगणात जाते गं. येते हां." आणि ती दाराकडे निघाली.

जाईनं टाहो फोडला.

म्हातारी म्हणाली, "घ्या! आता पाळण्यातल्या पोरीची परवानगी घिऊन कामं करायची!"

बाबांनी आपला तळवा जाईच्या छातीपोटावर ठेवला आणि तसाच ठेवून तिथे बसले. रडणं वाढलं तसं हौसाला त्यांनी खुणेनं बोलावलं. ती आली, बोलली, थोपटलं, पुन्हा "येते" म्हणून गेली, पुन्हा आली. कितीदा असं झालं कोण मोजतो. शेवटी जाई थकून आईच्या मांडीवरच निजली. ताणा त्या दिवशी बांधलाच गेला नाही.

बाबांबरोबर म्हाळू तळ्यापर्यंत चालत गेला. तो रुसला होता. बाबांना ते कळत होतं. पाण्याशी बसल्यावर ते म्हणाले, "म्हाळू, समज, तू आज तुझ्या घरात निजलास. शेजारी तुझी बायको. तिचा हात तुझ्या हातात. मध्येच जाग आली, तर तू नदीच्या वाळूत एकटा. घर नाही, माणूस नाही, हातात फक्त लुगड्याची एक चिंधी. तू काय करशील?"

"बोंब मारीन."

"आणि दुसऱ्या रात्री?"

म्हाळूनं पाण्यात एक खडा टाकला. तळ्यावर टिटवी ओरडून गेली. मग तो हळू म्हणाला, "दुसऱ्या राती मी निजनारच न्हाई."

"तुझी लेक तेच करते. तुम्हाला वाटतं ती झोपेशी भांडते. ती भांडत नाही रे, पहारा देते. डोळा मिटला की आई नाहीशी होते, एवढं तिला या चार महिन्यांत कळलंय. पदर उरतो आणि आई जाते. आपल्यात निघणारा माणूस 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. पाहुण्याला म्हणतो, शेजाऱ्याला म्हणतो. न सांगता जातो तो चोर, नाहीतर मेलेला. मग लेकराच्या बाबतीत आपण चवड्यांवर का चालतो? ते लहान आहे म्हणून? अरे, लहान आहे म्हणूनच त्याच्या हाती दुसरं काही नाही. तुम्ही तिला झोप द्यायला बघता. झोप कुणी कुणाला देत नाही. भय तेवढं काढून घेता येतं. ते काढलं की झोप आपल्या पायांनी येते."

"आन् अफू?"

"अफू भय काढत नाही, बाळा. ती पहारेकऱ्यालाच मारते. कधी थोडा, कधी पुरता."

म्हाळूनं कनवटीवर हात दाबला. पुडी तिथेच होती. टाकून द्यावी असं त्याला वाटलं, पण उद्याची दुपार आठवली आणि हात धजला नाही.

बाबा रोज दुपारी येऊन बसू लागले, पण दुसरा दिवस पहिल्यासारखाच गेला. जाई कान चोळू लागली, नजर कुठंतरी लागली, की हौसा तिला पाजून जागेपणीच पाळण्यात उताणी ठेवायची. पाळण्यात आता चिंधी नाही, काही नाही, नुसती ताणून घातलेली मऊ कापडाची धडपी. दाराला गोणपाट टांगून उजेड मंद केलेला. मग "येते हां." मग रडणं, मग येणं. म्हातारी उंबऱ्यातून टोमणे मारी, "निजली का तुमच्या पोथीनं?" तिसऱ्या दिवशी हौसाच रडकुंडीला आली.

"बाबा, माझ्यानं हिचं रडनं बघवत न्हाई."

"मग जा ना तिच्याजवळ. मी तुला अडवलंय का? तिला एकटीला रडू द्यायचंच नाही. घेऊन बसायचं असेल तर घेऊन बस. पण जाशील तेव्हा सांगून जा, आणि म्हणशील तशी ये."

म्हाळूनं न राहवून विचारलं, "पण किती दिस, बाबा?"

"खळ ओली असताना ताणा मागावर चढवतोस का?"

"न्हाई."

"का बरं?"

"सूत तुटतं."

"मग हिलाही वाळू दे. ऊन मिळतंय तिला."

पुढे एक दुपार अशी आली, की हौसा "येते हां" म्हणाली आणि जाई रडली नाही. ती दाराकडे बघत राहिली. आईची सावली गोणपाटामागे गेली, तशी तिनं मूठ तोंडात घातली. थोडी कुरकुरली. मान एकदा इकडे, एकदा तिकडे केली, आणि डोळे मिटले. उघडले नाहीत.

म्हाळूनं ताणा बांधला. खळ गरम होती. दोघं समोरासमोर उभी राहून कुंचे चालवू लागली. बाबा बाभळीखाली बसले होते. म्हातारी एकटीच आत, पाळण्यापाशी.

ताणा अर्ध्यावर आला आणि आतून जाईचा आवाज आला. आधी एक हुंदका, मग एक हाक. हौसाचा कुंचा हवेतच थांबला. सूत ओलं होतं. म्हाळूनं तिच्याकडे पाहिलं. या अंगणात किती ताणे इथेच वाया गेले होते! तो म्हणणार होता, जा तू. ताणा गेला तर गेला.

तेवढ्यात आतून म्हातारीचा आवाज आला. आजवर पाळण्याजवळ ती कुजबुजलीसुद्धा नव्हती. आज तिचा आवाज घोगरा, पण मोकळा होता.

"हाय गं, मी हाय हितं. आई अंगणात हाय तुजी. येते म्हनाली न्हवं? मग येतीया. निज."

जाई एकदा कण्हली. मग नुसता पाळण्याच्या कड्यांचा कुरकुर आवाज, मग तोही नाही. हौसाचा कुंचा पुन्हा चालू झाला. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि पुसायला हात रिकामा नव्हता.

ताणा पुरा झाल्यावर म्हातारी बाहेर आली. म्हाळूसमोर तिनं हात पसरला. "ती पुडी आन हिकडं."

म्हाळूनं कनवटीची गाठ सोडून पुडी दिली. म्हातारीनं ती उलगडली नाही, नुसती मुठीत धरली.

"तुज्या आधी भैरू झाला हुता मला," ती म्हणाली. "तुजा थोरला भाव. मला बाजाराला जायचं हुतं. त्याला हेच दिलं आन् माझा पदर हातात देऊन हळूच निघाले. मी आले तवा पदर तसाच हुता हातात. लोक म्हनले, नजर लागली; मीबी आजवर तेच धरून बसले."

बाबांनी मान खाली घातली. खळीच्या चुलीतला विस्तव अजून धुमसत होता. म्हातारीनं पुडी त्यात टाकली आणि ती पुरती जळेपर्यंत तिथेच उभी राहिली. मग ती आत गेली.

हौसा हात धुऊन तिच्यामागे जायला निघाली, तेव्हा म्हाळूनं तिला दारातच थांबवलं. गोणपाटाच्या फटीतून त्याला दिसलं, जाई पाळण्यात शांत निजली होती. तिच्या पायथ्याशी म्हातारी बसली होती, पाठ दाराकडे. ती मोठ्यानं नव्हती बोलत, पण चवड्यांवरचं बोलणंही ते नव्हतं.

"येते रे, भैरू," ती म्हणत होती. "येते हां, बाळा."