तिमव्वाचा चर

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. तुमच्या आज्याच्या आज्यानंही ती ऐकलेलीच, पाहिलेली नव्हे. तेव्हा या गावात तिमव्वा नावाची वडारीण राहत होती. माती खणणं हाच तिच्या घरचा धंदा.

गावानं नदीला बांध घालून पाट आणला होता. पाणी दारात आल्यावर माणसाला कुठं थांबायचं ते कळतं का? उसाला पाणी, हळदीला पाणी, रिकाम्या रानालाही पाणी. दहा वर्षं सोनं पिकलं. मग एका हिवाळ्यात वावरं पांढरी दिसायला लागली. जमिनीतलं मीठ वर फुटलं होतं. गावातले शहाणे म्हणाले, धुऊन काढू, आणि आणखी पाणी सोडलं. चार दिवस ऊन पडलं की दुप्पट मीठ! शेवटी बी टाकलं तरी उगवेना.

तिमव्वा जमिनीला कान लावायची आणि तिला खालून मीठ चढताना ऐकू यायचं, असं म्हणतात. ती म्हणाली, "वरनं किती बी वता. खाली पाणी तुंबलंय, त्येच मीठ घिऊन वर येतंय. त्येला भायेर जायाला वाट द्या."

वाट म्हणजे पुरुषभर खोल चर. गाव आधी हसलं, मग झक मारत कामाला लागलं. तिमव्वा पुढं, गाव मागं. दहा गड्यांचं काम ती एकटी उरकायची, असं म्हणतात. दोन हिवाळ्यांत चर सगळ्या शिवारातून ओढ्यापर्यंत आला. ओढ्याच्या काठाशी तिनं हातभर माती राखली आणि कुदळ खाली ठेवली.

कारण ओढ्याच्या खालच्या अंगाला कोरटीची वस्ती होती. तिथले लोक ओढ्यातल्या झिऱ्याचं पाणी प्यायचे. तिमव्वाची एकुलती लेक दुर्गव्वा तिथंच नांदत होती, मांडीवर तान्हं होतं. चर वस्तीला वळसा घालून थेट मोठ्या नदीत न्यायचा, असं ठरलं होतं. ते अजून वर्षाचं काम होतं.

पण पेरणी तोंडावर आली. दोन सालं गावानं रानभाज्यांवर काढली होती. पाटलानं पागोटं तिच्या पायाशी ठेवलं. "तिमव्वा, यंदाचा पेरा हुकला तर लेकरं जगायची न्हाईत. एवढी माती फोड. पेरा झाला की समदं गाव तुझ्या मागं खणाया यील. माझा शबुद हाय."

तिमव्वा दिवसभर त्या मातीवर बसून राहिली. दिवस मावळताना तिनं स्वतःच्या हातानं ती फोडली.

पंधरा दिवसांत रान निवळलं. शिवार शाळूनं डोललं. आणि खाली झिरा खारट झाला. गाव सुगीत गुंतलं होतं, खणायला कोण येतंय! गरज सरो, वैद्य मरो.

दुर्गव्वाच्या तान्ह्याला जुलाब लागले आणि सातव्या दिवशी ते गेलं. वस्तीनं बिऱ्हाडं पाठीवर घेतली. जाताना दुर्गव्वा आईच्या दारात आली, आत आली नाही. "आये, तुला लेकरंच जगवायची व्हती न्हवं? मग माझं का न्हाई?"

लेक कुठल्या वाटेनं गेली, ते तिमव्वाचं विचारायचं राहून गेलं.

दुसऱ्या दिवसापासून ती एकटीच खणायला लागली. वस्तीला वळसा घालून, दोन कोस. कुदळीचा दांडा मोडला तेव्हा ती हातांनी खणायची आणि तिचे अश्रू पडतील तिथं दगडही फुटायचा, असं म्हणतात. मला विचाराल तर दगड फुटला नसेल. म्हातारी राबली आणि गाव बघत बसलं, हेच खरं असेल. सांगताना लाज वाटते.

तीन वर्षांनी चर नदीला मिळाला, ओढ्याकडचं तोंड तिनं मातीनं बुजवलं आणि झिरा गोड झाला. पण प्यायला वस्तीत कुणी नव्हतं. तिमव्वा ओंजळभर पाणी प्यायली आणि वाटेकडं बघत बसली. त्यानंतर ती कुणाला दिसली नाही.

आजही दिवाळी सरली की गाव चर उपसतं. काम संपल्यावर बायका कोरटीच्या वस्तीवर जातात. तिथं आता चार जोती उरली आहेत. कडेवर तान्हं असलेली एक सून झिऱ्याचं पाणी चाखते आणि मोठ्यानं हाक मारते, "दुर्गव्वा, पाणी गोड झालं गं! ये माघारी!"

मग कुणी ओ देईल एवढा वेळ सगळ्याजणी गप्प उभ्या राहतात.